नाथाजीच्या दोन शपथा

मी एक जुना लायटर आहे. पितळी, अंगठ्याएवढा जाड आणि एका बाजूला चेपलेला. मित्रांनो, मी जन्मलो तो काडतूस म्हणून. सन चव्वेचाळीसच्या हिवाळ्यात, इटली नावाच्या दूरच्या मुलखात, माझ्यातली गोळी सुटून गेली. ती कुणाला लागली की नुसतीच खडकावर आपटली, हे मला कधी कळलं नाही. मी रिकामी पुंगळी होऊन चिखलात पडलो.

मला तिथून उचललं बिराप्पाने. बिराप्पा आटपाडीकडच्या धनगराचा मुलगा. जनावरांची जाण आहे म्हणून फौजेत त्याला खच्चरांच्या कंपनीत घातलं होतं. एका चढणीवर त्याचं खच्चर घसरलं आणि त्याचा पाय खाली सापडला. तोफगोळे पडत होते. सगळे खाली पळाले. एक शिपाई तेवढा मागे फिरला. त्याने बिराप्पाला पाठुंगळी घेतलं आणि दीड मैल डोंगर उतरून दवाखान्याच्या तंबूत आणलं. त्या शिपायाचं नाव नाथाजी. इस्लामपूरजवळच्या, कृष्णाकाठच्या एका गावचा. वय तेवीस.

बिराप्पाजवळ द्यायला काही नव्हतं. त्याने महिनाभर आपल्या वाट्याची साखर खाल्ली नाही. ती एका मिस्त्रीला दिली आणि माझा लायटर करून घेतला. माझ्या पोटात कापूस भरला, वात ओवली, वर एक दातेरी चाक आणि त्याखाली गारेचा खडा बसवला. अंगावर सुईने 'ना' हे अक्षर कोरलं. बरा होऊन बिराप्पा लंगडत आला आणि मला नाथाजीच्या हातावर ठेवून म्हणाला, "गड्या, तुजं उपकार फिटायचं न्हाईत. ह्ये आसूं दे. थंडीत इस्तू लागतोय."

नाथाजी हसला. "मी कुटं सिगरेट वढतूय रं?"

ते खरं होतं. नाथाजी तालमीतला गडी. फौजेत दर आठवड्याला सिगारेटचा गोल डबा मिळायचा, तो देऊन तो दुधाचे डबे घ्यायचा. पहिला महिना मी त्याच्या खिशात नुसताच होतो. कधी कुणाची चूल पेटव, कधी चिठ्ठी वाचायला उजेड दे, एवढंच माझं काम. मला माझा अभिमान वाटायचा. वारा कितीही असो, एका फटक्यात पेटणारा लायटर म्हणून पलटणीत माझं नाव झालं होतं.

मग बर्फ पडलं. रोज संध्याकाळी तामचिनीच्या मगातून रम वाटू लागले. नाथाजी आधी नको म्हणाला. त्याच्या शेजारचा भाऊसो त्याच्याच गावचा, त्याच्याच वयाचा. तो म्हणाला, "घे रं, औशद हाय ह्ये. आन वरनं एक सिगरेट वढ, मंजी ऊब टिकती." त्या संध्याकाळी नाथाजीच्या एका हातात मग आला आणि दुसऱ्या हातात सिगारेट. दोन्ही एकाच दिवशी आली, मित्रांनो. ती पुढे कधी वेगळी झालीच नाहीत.

माझं चाक दिवसातून किती वेळा फिरतं, ते मला ठाऊक असे. ज्या दिवशी रम येत नसे, त्या दिवशी दोनदा, फार तर तीनदा. ज्या दिवशी रम येई, त्या दिवशी नऊ-दहा वेळा. उलटंही तसंच होतं. सिगारेट पेटवली की नाथाजीचा डावा हात हळूच वळायचा. मगाचा कान धरायला बोटं वळतात तशी. तो मग हाताशी असो वा नसो, बोटं वळायचीच. हे त्याला स्वतःला दिसत नव्हतं. मला दिसत होतं, पण मी कुणाला सांगणार?

सन सेहेचाळीसच्या उन्हाळ्यात नाथाजी घरी आला. दारात त्याची आई राहीबाई भाकरतुकडा घेऊन उभी होती. तिच्या मागे पदर दाताखाली धरून अंजना. लग्न होऊन सहा महिने झाले नाहीत तोच नवरा फौजेत गेला होता. ती आता त्याला नवऱ्यासारखी कमी आणि पाहुण्यासारखी जास्त बघत होती. त्याने खिशातून मला काढलं आणि चाक फिरवलं. ज्योत उभी राहिली तशी अंजना चटकन मागे सरली आणि मग खुदकन हसली. राहीबाईंनी त्या दिवशी देवापुढचा दिवा माझ्यावर लावला. "माज्या नाथाचा इस्तू," म्हणाल्या. आळीतल्या बायका मला बघायला आल्या. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला दिवस.

घरचा ऊस होता, विहीर होती. नाथाजी कामाला वाघ होता. दिवसा मोट धरी, संध्याकाळी तालमीच्या कट्ट्यावर बसे. तिथे भाऊसो आणि फौजेतून आलेले आणखी दोघेचौघे असत. सिगारेटी संपल्या, त्यांच्या जागी विड्या आल्या. पेट्रोल मिळेना, म्हणून नाथाजी माझ्यात रॉकेल घाली. मी काळा धूर ओकत पेटायचो, पण पेटायचो. आणि विड्यांची दोन बंडलं संपेपर्यंत कुणीतरी म्हणायचंच, "चला रं, जाऊन यूं." सडकेला, नदीच्या उताराजवळ, दारूचं दुकान होतं. तिथेही माझी ज्योत सगळ्यांत फिरे. एकाची विडी पेटवायची, मग दुसऱ्याची. "नाथाजीचा लैटर आन हिकडं," असा पुकारा होई. आता तो पुकारा मला नकोसा वाटायचा.

सांगलीच्या पेठेत गूळ घालायला गेला, की नाथाजी दुसऱ्या दिवशी परते. अंजना त्याची भाकरी झाकून ठेवी. राहीबाई बोलत. एकदा त्या बोलता बोलता रडायला लागल्या, आणि नाथाजीला ते सोसलं नाही. तो मनाने चांगलाच होता. तसाच उठला, देवळात गेला आणि बेलभंडारा उचलला. "आजपासनं दारूला शिवणार न्हाई."

आणि मित्रांनो, त्याने ती शपथ पाळली. एक महिना, दोन महिने, पाच महिने. अंग भरलं. घरात हसणं ऐकू येऊ लागलं. भाऊसो मात्र अजून कट्ट्यावर होता आणि विड्याही होत्या.

"बिडीची आन घेतली न्हाई मी," नाथाजी म्हणायचा. "येवडं तरी ऱ्हाऊ द्या मला."

सगळ्यांना ते पटलं. दारू सोडली हेच मोठं, विडीचं काय एवढं? पण मी त्याच्या हाताला चिकटलेला होतो. विडी पेटली की डावी बोटं वळत. ती रिकामी बघून तो पाण्याचा तांब्या उचली. मग सुपारी. मग पुन्हा विडी. जेवढी दारू कमी झाली, तेवढ्या विड्या वाढल्या होत्या, आणि प्रत्येक विडीबरोबर त्याच्या जिभेला त्या दुसऱ्या वस्तूची आठवण होत होती. दिवसातून तीस वेळा आठवण आली, तर माणूस किती वेळा नाही म्हणेल? एकोणतीस वेळा तो म्हणायचा. एके दिवशी गुऱ्हाळावर, रस उकळत असताना, भर दुपारी, तिसाव्या वेळी त्याने भाऊसोच्या हातातली बाटली घेतली.

दुसरी शपथ त्याने आईच्या पायावर हात ठेवून घेतली. त्याला खोकला झाला होता. सांगलीच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावून सांगितलं होतं, "विडी बंद." म्हणून या वेळी त्याने विडी सोडली. अंजनाने मला फडताळात, डाळीच्या मडक्यामागे ठेवलं. मला वाटलं, आता सुटलो. दारू त्याने सोडली नव्हती. "बाजारादिशी तेवडी एकदाच," म्हणाला. सहा दिवस तो ठणठणीत राही. सातव्या दिवशी दुकानात पहिला पेला पोटात गेला की हात आपोआप खिशाकडे जाई. दुसऱ्या पेल्याला शेजाऱ्याकडे विडी मागे, हे मला नंतर भाऊसोच्या तोंडून कळलं. तिसऱ्या बाजाराच्या दिवशी तो घरी आला, फडताळात हात घातला, मडकं फोडलं आणि मला बाहेर काढलं. डाळ घरभर झाली. अंजना ती वेचत बसली. ती तेव्हा तीन महिन्यांची पोटुशी होती.

त्या साली हिवाळ्यात बिराप्पा आला. माणदेशात चारा कमी पडला, की त्याची मेंढरं कृष्णाकाठी उतरत आणि खतासाठी शेतात बसत. नाथाजीच्या रानात त्याचा वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, पडला. बिराप्पाने मित्राचा हात हातात घेतला आणि त्याला तो थरथरताना दिसला. मग नाथाजीने मला काढून विडी पेटवली. बिराप्पाचं तोंड उतरलं.

"ह्ये मीच दिलं हुतं," तो म्हणाला.

"तू इस्तू दिलास. वढायला कुणी लावलं न्हाई," नाथाजी म्हणाला. "तूबी वढत हुतास की. घे."

"सोडली. दारूबी सोडली, बिडीबी. एकाच दिशी."

"दोनी?"

"दोनी. आदी मीबी एकेक करून बघितलं. एक हातात ऱ्हायली की ती दुसरीला हाक मारती, गड्या. फौजेत दोगीस्नी जोडीनं आणलं आपण. घालवायचं तर जोडीनंच घालवाय पायजे." त्याने खांद्यावरचं कांबळं सावरलं. "अठरा दिस मी कांबळ्यात कुडकुडत पडलोय. हरणानं मला पेज पाजली तवा जगलो." हरणाबाई त्याची बायको.

नाथाजीने विडी ढेकळावर विझवली. तो म्हणाला, "मला नुसती आन घेऊन जमत न्हाई, बिराप्पा. दोनदा घेतली."

"आन घिऊच नगंस. माज्याबरूबर चल. आटपाडीच्या माळाला दुकान न्हाई, पानपट्टी न्हाई. मेंढरामागं चालायचं बस."

नाथाजी गेला, मित्रांनो. मला बिराप्पाने आपल्या पिशवीत घातलं. सांगली मागे पडली, कवठे महांकाळ मागे पडलं. झाडं खुजी होत गेली. चौथ्या दिवशी नाथाजीला घाम सुटला, उलट्या झाल्या. सहाव्या दिवशी त्याने बिराप्पाच्या तोंडात मारली आणि पिशवी हिसकावू लागला. बिराप्पाने मार खाल्ला, पिशवी सोडली नाही. मी पिशवीत होतो आणि माझा खडा झिजून जावा असं मला मनापासून वाटत होतं. दहाव्या दिवशी नाथाजी मुलासारखा रडला. विसाव्या दिवशी त्याने चार भाकरी खाल्ल्या आणि एक कोकरू खांद्यावर घेऊन ओढा ओलांडला. सव्वा महिन्यानंतर त्याचा खोकला थांबला. डावी बोटं सरळ झाली. हे मी स्वतः पाहिलं नाही, पण बिराप्पा हरणाबाईला सांगत होता, "हात बघ त्याचा. काटीवानी थीर झालाय."

तेवढ्यात सांगावा आला, अंजना बाळंत झाली, मुलगी झाली. दोघे घरी आले. बिराप्पाने मला राहीबाईंच्या हातात दिलं. "आय, ह्ये दडवून ठिवा. आन ध्येनात धरा, बिडीबी न्हाई आन दारूबी न्हाई. एकबी न्हाई." अंजना आत बाजेवर होती. तिने ते नीट ऐकलं. राहीबाई नातीच्या आनंदात होत्या. त्यांनी मान हलवली. बिराप्पाची मेंढरं दूर माळावर होती. त्याला परतावंच लागलं.

बाराव्या दिवशी बारसं. अंगणात माणसं जमली. आलेल्या पुरुषांपुढे पानसुपारीचं आणि विड्यांचं तबक फिरवायची रीत होती. भाऊसो म्हणाला, "बाप झालास, नाथा. येक झुरका तरी मार. दारू थोडीच देतूय कोण?"

नाथाजीने तबकाकडे पाहिलं. तो उठून आत आला आणि आईला म्हणाला, "आये, लैटर दे. लोकांच्या बिड्या पेटवायच्यात."

"आत्याबाई, नगा दिऊ!" बाजेवरून अंजना ओरडली. अंगात ताकद नव्हती, तरी ती उठून बसली. "बिराप्पादादा काय म्हंटलं? नगा दिऊ वो!"

"आगं, बिडीच तर हाय," राहीबाई म्हणाल्या. "दारूला शिवला का त्यो आता? आज त्याच्या लेकीचं बारसं हाय. चार माणसांत लेकाला खाली बघाय लावू व्हय?"

आणि त्यांनी मला दिलं. मायेने दिलं. त्या माउलीला मी दोष देऊ शकत नाही. नाथाजीचा अंगठा माझ्या चाकावर आला. दीड महिना मी कोरडा होतो. मला वाटलं, आज मी पेटणार नाही. पण बारशाला आलेल्या एका लॉरीवाल्याने कौतुकाने माझ्यात पेट्रोल घातलं. चाक फिरलं. मी पेटलो. मित्रांनो, न पेटणं माझ्या हातात नाही.

त्याने इतरांच्या विड्या पेटवल्या आणि शेवटी आपली. पहिल्या झुरक्याला त्याची डावी बोटं वळली. चौथ्या दिवशी तो दुकानात होता.

पुढचं मी थोडक्यात सांगतो, कारण सांगवत नाही. सन एकोणपन्नासच्या फाल्गुनात नाथाजी माळावरच्या रानातून कडब्याची गाडी घेऊन येत होता. वाटेत तो प्यायला होता. प्याल्यावर विडी लागतेच. त्याने चालत्या गाडीवर, कडब्याला टेकून, माझ्यावर विडी पेटवली. वारा होता. ठिणगी कुठे गेली हे त्याला कळायच्या आत पाठीमागून जाळ उठला. बैल बुजून पळू लागले. नाथाजीला उडी मारता आली असती. त्याने बैलांच्या गळ्यातल्या जुपण्या सोडल्या. आधी एका बैलाची, मग दुसऱ्याची. गाठी आवळल्या होत्या आणि जाळ हातावर येत होता, पण धड शुद्धीत नसलेल्या त्या माणसाने जनावरं मोकळी केली. बैल वाचले. मी खाली पडलो आणि गाडीच्या चाकाखाली चेपलो; मागाहून कुणीतरी मला घरी आणून दिलं. नाथाजीचे दोन्ही हात मनगटापासून जळाले.

हात भरून आले, पण बोटं एकमेकांना चिकटली. त्यांना आता कासरा धरता येत नाही. लेकीला उचलता येत नाही. विडीसुद्धा धरता येत नाही. पहिल्यांदा तो रडून रडून मागायला लागला, तेव्हा अंजनाने विडी त्याच्या ओठांत धरली आणि मला हातात घेऊन चाक फिरवलं. चेपलेला असूनही मी पेटलो. दोन झुरके घेऊन तो म्हणाला, "आता वाईच दारू मिळंल का गं?" अंजनाने विडी चुलीत टाकली. मला उचलून नाथाजीच्या फौजेतल्या पत्र्याच्या पेटीत टाकलं आणि कुलूप घातलं. राहीबाईंनी किल्ली आपल्या कमरेला लावली. 

या हिवाळ्यात बिराप्पा आला होता. महिनाभर तो नाथाजीच्या शेजारी उंबऱ्यावर बसला. त्याला भरवायचा, त्याची मिशी पुसायचा. कुणी विडी पुढे केली की म्हणायचा, "पुढं चला." त्या महिन्यात नाथाजी दोन्हींवाचून राहिला. लेकीला मांडीवर बसवून घेऊ लागला. पण रानातला चारा संपला आणि मेंढरं हलवावी लागली. "मी न्हाई थांबू शकत, वैनी," बिराप्पा म्हणाला. त्याचा आवाज मला पेटीत ऐकू आला. अंजना म्हणाली, "तुमी तरी किती करशीला, दादा." ती रानात राबते, कारण आता घर तिच्यावर आहे. राहीबाईंना नीट दिसत नाही. नाथाजी दिवसभर उंबऱ्यावर एकटा असतो.

वाटेने माणसं जातात. चांगली माणसं. त्यांना तो फौजेत गेलेला, मित्राला पाठीवर घेऊन डोंगर उतरलेला, बैलांसाठी हात जाळून घेतलेला नाथाजी आठवतो. तो म्हणतो, "येक बिडी दे रं." त्यांना वाटतं, बिचाऱ्याच्या नशिबी दुसरं काय सुख उरलंय? ते थांबतात, विडी त्याच्या ओठांत ठेवतात आणि पुढे जातात. संध्याकाळी तो आणखी काय मागतो, ते ऐकायला त्यांतला कुणी तिथे नसतो. राहीबाई आतून ओरडतात, "दिऊ नगा रं माज्या लेकराला!" तर लोक म्हणतात, म्हातारी कठोर झाली.

मित्रांनो, उद्या तुम्ही मोठे व्हाल. अशा एखाद्या उंबऱ्यावरून जाल. तेव्हा दया आली तर विडी देऊ नका, थोडा वेळ त्या माणसाजवळ बसा. तुमच्या घरात कुणी धडपडत असेल, तर अर्ध्या शपथेवर पेढे वाटू नका. 'एवढं तरी राहू दे' असं तो म्हणाला, तर मायेपोटीसुद्धा हो म्हणू नका. मी अंधाऱ्या पेटीत आहे. माझ्यात पेट्रोल नाही, माझा खडा झिजला आहे, मी आता कुणाचं काही पेटवत नाही.

बाहेर पावलं थांबली आहेत. भाऊसोचा आवाज आहे. तो विचारतोय, "कसा हायस, नाथा?" आता काडेपेटीवर काडी ओढल्याचा आवाज आला.